हे की हेथ? बेने इस्राएल कब्रस्तानातल्या दगडांची नोंद: एक प्रकरण

दगड क्रमांक ४७ वर तीन भाषांत मिळून एकच मृत्यू कोरलेला आहे. वर हिब्रू, मध्ये मराठी, तळाशी इंग्रजीची एक ओळ. वाचणाऱ्यांच्या पहिल्या जोडीने हिब्रू साल ६६५ वाचलं, दुसरीने ६६८; सालाचं शेवटचं हिब्रू अक्षर 'हे' की 'हेथ' एवढाच वाद. मराठीत शके १८२९ आहे, पण शेवटचा आकडा ९ की १ याची खात्री नाही. इंग्रजी ओळीत २० डिसेंबर १९० एवढंच उरलंय, पुढचा टवका उडालेला. हा एक दगड कसा सुटला ते सांगितलं की कामाची बहुतेक पद्धत त्यात येते. पण आधी त्या दगडापर्यंत पोचायला हवं, आणि मध्ये रानमोडीची झुडपं आहेत.

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीत अलिबाग, रेवदंडा, मुरूड, पेण, पनवेल या पट्ट्यात बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाची कब्रस्तानं विखुरलेली आहेत. या समाजाच्या परंपरेनुसार पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पुढे तेलाच्या घाण्यावर काम करणारे आणि शनिवार पाळणारे म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. स्वतंत्र भारतात १९५० आणि ६० च्या दशकांत बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली, मुंबई-ठाण्यात काही राहिली, आणि गावातल्या कबरींकडे बघणारं कोणी उरलं नाही. इथे घेतलेलं कब्रस्तान अशाच जागांवरून बेतलेला नमुना आहे, कोणत्याही एका गावाचं नाही, आणि खालचे आकडे त्या नमुन्याचेच आहेत: वीस गुंठे जागा, म्हणजे साधारण ४५ मीटर बाय ४५ मीटर, भोवती पडका जांभ्याचा गडगा, साफसफाईआधी दिसणाऱ्या कबरी ९६, साफसफाईनंतर १४२, त्यांतल्या लेख असलेल्या ६१.

परवानगीचं आधी उरकावं. सातबारा काढून जागा कोणाच्या नावावर आहे ते बघायचं, जवळच्या सिनेगॉगच्या (यहुदी प्रार्थनास्थळाच्या) समितीचं लेखी संमतिपत्र घ्यायचं, ग्रामपंचायतीला पत्र द्यायचं आणि शेजारच्या वाडीवाल्याला तोंडी सांगायचं. शेवटचं सगळ्यात उपयोगी, कारण पाणी, कोयता आणि जागेची माहिती त्याच्याकडेच असते. शनिवारी आणि सणाला काम नाही, डोकं झाकलेलं, आत खाणंपिणं नाही, बाहेर पडताना हात धुवायचे, कबरीवर पाय द्यायचा नाही. कबरीवर कोणी ठेवलेले छोटे खडे कचरा नव्हेत, ते हलवू नयेत.

काम जानेवारीत. पावसात टाकळा नि गवत कमरेइतकं असतं, ऑक्टोबरात ते ओलं आणि चिवट असतं, एप्रिल-मे मध्ये दगडाला हात लागत नाही. जानेवारीत दोन धोके मात्र आहेतच. एक फुरसं, हा विषारी साप: कोकणात जांभ्याच्या कपारीत आणि सैल दगडाखाली हमखास असतं, लहान असल्यामुळे दिसत नाही. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, कातडी हातमोजे, हात घालण्याआधी काठीने ठोकणं, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे याची आदल्या दिवशी फोन करून खात्री. दुसरी खाजकुयली. जानेवारी-फेब्रुवारीत तिच्या शेंगा वाळलेल्या असतात, वेल ओढली की खाज आणणारी लव अंगावर पडते. ती वेल ओढायची नाही, बुडाशी कापून जागच्या जागी ठेवायची.

झाडी काढायला चार माणसं तीन दिवस. घाणेरी आणि रानमोडी कोयत्याने जमिनीपासून १० सेंटिमीटरवर आडवी, सपाट कापायची. तिरकी कापली तर बुंधा भाल्यासारखा उभा राहतो आणि संध्याकाळी कोणाच्या तरी बुटातून आत जातो. मुळं उपटायची नाहीत. कबरीच्या चौथऱ्यात घुसलेल्या पिंपळाची मुळं तर मुळीच नाहीत, कारण कित्येकदा चौथरा त्या मुळांनीच धरून ठेवलेला असतो. जेसीबी नको आणि काडी ओढणं तर त्याहून नको. वणव्यासारखी आग एकदा फिरली की काळ्या दगडाची पापुद्र्याने साल निघते, संगमरवराचा पृष्ठभाग भुगा होतो आणि अक्षरांत शिसं भरलेलं असेल तर ते वितळून गळतं. एका दुपारचं काम वाचवायला शंभर वर्षांचा लेख जातो.

साफसफाई झाली की दगड वाचायला बसायची घाई होते. ती दाबून आधी आखणी. पश्चिमेच्या गडग्याला समांतर ४५ मीटरची सुतळी ताणून आधाररेषा, मग ५ मीटरचे चौकोन, नऊ गुणिले नऊ म्हणजे ८१. प्रत्येक कबरीचं ठिकाण जवळच्या दोन खुंट्यांपासून टेपने मोजायचं. मोबाईलच्या जीपीएसवर भागत नाही. त्याची चूक सहज तीन ते पाच मीटरची असते आणि दोन कबरींमधलं अंतर काही ठिकाणी दोन फूट. जीपीएसने फक्त कब्रस्तानाचे चार कोपरे घ्यावेत. दगडावर रंगाने, खडूने, मार्करने क्रमांक टाकायचा नाही. क्रमांक पाटीवर लिहून फोटोत ठेवायचा, आणि नकाशावर.

क्रमांक सगळ्या १४२ कबरींना. लेख नसलेल्या ८१ बहुतेक जांभ्याच्या चिऱ्यांच्या नुसत्या चौकटी आहेत, काही तर दोन उभे दगड, डोक्याशी एक नि पायाशी एक. जांभा भोकाळ असल्यामुळे त्यावर बारीक अक्षर टिकतच नाही, आणि काळा दगड किंवा संगमरवर आणून कोरून घ्यायला पैसे लागत. फक्त लेखांची यादी केली तर पेन्शनर सुभेदार आणि सरकारी नोकर तेवढे या गावात मेले असं चित्र तयार होतं. नोंदवहीत बिनलेखी कबरीला एक ओळ पुरते: लांबी, रुंदी, दिशा, दगड, अवस्था. तिला आठ मिनिटं, लेखाच्या कबरीला चाळीस. दोन जोड्या, सकाळी साडेसात ते साडेबारा, असं धरलं तर सगळं सहा दिवसांत बसतं. पहिल्या दिवशी निम्मंही होत नाही, हे गृहीत धरून चालावं.

आता दगड. हात लावण्याआधी बोटाच्या टोकाने एका कोपऱ्यावर हलकेच घासून बघायचं. बोटाला साखरेसारखे कण लागले तर तो संगमरवर आतून सुटलेला आहे, त्याला ब्रशही नको, फक्त फोटो. दगड पक्का असेल तर गोडं पाणी, नरम केसांचा ब्रश आणि बांबूची टोकदार काडी, एवढंच. खाऱ्या विहिरीचं पाणी वापरू नये: पाणी उडून जातं, मीठ दगडात राहतं आणि स्फटिक होताना पापुद्रा उचलतं. समुद्राच्या वाऱ्याने ते काम आधीच चालवलेलं असतं, त्यात आपली भर नको. ताराचा ब्रश, अ‍ॅसिड, ब्लीच, कपड्याचा साबण, अक्षरांत पीठ किंवा खडू भरणं, दाढीचा फेस फासणं, हे सगळं बाद. फेसाने अक्षर त्या दिवशी सुरेख उठतं, पण त्यातली आम्लं आणि तेलं दगडात राहतात. कागद ठेवून कोळशाने ठसा घेण्याची पद्धतही सुटलेल्या दगडावर टाळावी, घासताना खालची कड तुटते.

अक्षर उठवायचं ते उजेडाने. प्रकाश दगडाला जवळपास समांतर, १० ते १५ अंशांतून आला की उथळ खाचेतही सावली पडते. आडव्या शिळांना सकाळी साडेसात ते नऊचा सूर्य फुकट मिळतो. उभ्या दगडांत पूर्वेकडे तोंड असलेल्यांना सकाळ उशिरा, सूर्य कडेने घासत जातो तेव्हा. उत्तरेकडे तोंड असलेल्या दगडांना मात्र जानेवारीत ऊन मिळतच नाही, सूर्य दिवसभर दक्षिणेला असतो. त्यांच्यासाठी दीड बाय दोन फुटांचा साधा आरसा, मागे प्लायवूड ठोकलेला. एक माणूस दहा-बारा फुटांवर उन्हात उभा राहून कवडसा बाजूने सोडतो, दुसरा फोटो घेतो. काळ्या दगडावर आणखी एक साधी गोष्ट चालते: पाणी शिंपडून पृष्ठभाग फडक्याने टिपायचा. खाचांतलं पाणी मागे राहतं, अक्षर दोनतीन मिनिटं गडद दिसतं, तेवढ्यात फोटो.

प्रत्येक लेखाचे किमान सहा फोटो: आजूबाजूसकट एक, समोरून पट्टीसह एक, डावीकडून आणि उजवीकडून तिरक्या उजेडात एकेक, तुटक्या ओळींचे जवळून दोन. डावा-उजवा उजेड दोन्ही हवेत, कारण एकात हरवलेली रेघ दुसऱ्यात दिसते, आणि एखाद्या उजेडात तडा अक्षर असल्याचं सोंग आणतो.

वाचनाचा नियम एकच, पण तो पाळायला जड जातो: दोन माणसांनी एकमेकांचं न बघता वाचायचं. आणि दगडावर जे आहे तेच उतरवायचं. 'वर्षें', 'झालें' वरचे अनुस्वार तसेच राहू द्यायचे, ऱ्हस्वदीर्घ सुधारायचे नाहीत, ओळ जिथे मोडली तिथे तिरकी रेघ. गेलेला मजकूर चौकोनी कंसात, अंदाजाने भरलेला असला तर कंसातच, न दिसणारं एकेक अक्षर एकेका टिंबाने. शिलालेखवाचनात संशयित अक्षराखाली टिंब देण्याची जगभर रीत आहे. देवनागरीत ती चालत नाही, ते टिंब नुक्ता होऊन बसतं, ज चा ज़ होतो. इथे संशयित अक्षरापुढे प्रश्नचिन्ह द्यावं.

हिब्रू न येणाऱ्यालाही थोडं ओळखता येतं. वरच्या बाजूला बहुधा दोन अक्षरं, पे आणि नून: 'इथे पुरलेला' या शब्दांची आद्याक्षरं. तळाला पाच अक्षरं, तव, नून, त्सादे, बेथ, हे: 'याचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो', शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातल्या २५:२९ वरून. ही ठरलेली अक्षरं अर्धी दिसली तरी ओळखू येतात, म्हणूनच सगळ्यांत जास्त न बघता भरली जातात. जेवढी दिसतात तेवढीच लिहावीत.

तुटलेल्या दगडावर एक गंमत होते. हिब्रू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे. उजवी कड गेली तर हिब्रू ओळींची सुरुवात आणि मराठी ओळींचा शेवट जातो. डावी गेली तर उलट, आणि ओळीच्या शेवटी असलेलं हिब्रू साल जातं. दोन तुकडे एकाच दगडाचे आहेत का, हे ठरवायला हा ताळा कामी येतो. एका तुकड्यावर हिब्रूच्या ओळी जिथून तुटल्या आणि दुसऱ्यावर मराठीच्या, ते जुळत नसेल तर कडा कितीही बसत असल्या तरी तुकडे वेगळ्या कबरींचे.

नावांत घोटाळा ठरलेला. हिब्रू भागात शेमुएल, मराठीत समाजी, हिब्रूत येहेज़्केल, मराठीत हसाजी, बिन्यामीनचा बुनाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल एझिकिएल दिवेकर हेच समाजी हसाजी दिवेकर. ही दोन माणसं नव्हेत आणि त्यातलं एक रूप 'चुकीचं' नव्हे. नोंदवहीत दोन्हींना वेगळा रकाना, सूचीत दोन्ही. आडनावं गावावरून: दिवे आगरचे दिवेकर, किहीमचे केहीमकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर. इस्राएलमधल्या लॉद किंवा अशदोदच्या नातवाला बहुधा एवढाच 'कर' आठवत असतो, त्यामुळे आडनावाची सूची गावाच्या नावानेही लावावी. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' आणि 'भ्र.' म्हणजे अमक्याची बायको. कोमचं 'कौम' वाचून जातीच्या रकान्यात टाकणं ही नेहमीची चूक. लष्करी दगडांवर 'सरदार बहादूर' हे नाव नसून किताब असतो, तोही नावाच्या रकान्यात जाऊन बसतो. 'जि. कुलाबा' असेल तर तसंच लिहावं. जिल्ह्याचं नाव रायगड झालं १९८१ मध्ये.

आता क्रमांक ४७ कडे.

हिब्रू साल अक्षरांनी लिहितात, प्रत्येक अक्षराला किंमत असते, आणि पाच हजार बहुधा गाळलेले असतात. तव ४००, रेश २००, सामेख ६०, आणि चौथं अक्षर हे असेल तर ५, हेथ असेल तर ८. दोन्ही अक्षरं छपराखाली दोन पाय अशी. फरक एवढाच की हे चा डावा पाय छपराला टेकत नाही, वर फट असते. दगडफुलाने फट भरली की हे चा हेथ होतो, टवका उडाला की हेथचा हे. अशाच जोड्या दालेथ-रेश (४ आणि २००), बेथ-काफ (२ आणि २०), वाव-ज़ाइन (६ आणि ७). म्हणून सालातलं संशयित अक्षर कधी एकट्याने सोडवू नये.

महिना तेबेथ, तारीख १५, दोन्ही स्वच्छ. मराठीत मार्गशीर्ष आणि शुक्रवार, स्वच्छ. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून वर्षारंभापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ३७६१ वजा करायचे, १ जानेवारीनंतरच्या तारखेला ३७६०. तेबेथ हा महिना नेमका डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर येतो, त्यामुळे सगळ्यांत जास्त चुका याच महिन्यात. ५६६८ मधून सवयीने ३७६० वजा केले की १९०८ येतं, आणि नोंद एक वर्षाने पुढे सरकते. शकाचंही तसंच: चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन ७९.

तर वाचनं अशी. ६६५ धरलं तर तेबेथ १५ म्हणजे २३ डिसेंबर १९०४. ६६८ धरलं तर २० डिसेंबर १९०७. आणि इथे सापळा आहे: दोन्ही दिवस शुक्रवार आहेत. पहिल्या जोडीने वार पडताळला, जुळला, आणि ६६५ वर शिक्का मारला. वार सातांतून एकदा योगायोगानेही जुळतो, त्याने वाचन बाद करता येतं, पक्कं करता येत नाही. निकाल लागला इंग्रजी ओळीतल्या २० या आकड्यावर. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे हिब्रू आणि इंग्रजी तारखेत एका दिवसाचा फरक चालवून घेता येतो. २३ आणि २० मध्ये तीन दिवस आहेत, तो चालत नाही. तेबेथची १५ म्हणजे पौर्णिमेच्या आसपासचा दिवस, आणि १९०० ते १९०९ या दहा वर्षांत तो २० डिसेंबरला एकदाच आला, १९०७ मध्ये. शके १८२९ अधिक ७८ म्हणजेही १९०७. शकाचा शेवटचा आकडा १ धरला तर १८२१, म्हणजे १८९९, आणि १९० शी तो जुळतच नाही. दगडावर संवत्सराचं नाव असतं तर आणखी सोपं झालं असतं, शके १८२९ चा संवत्सर प्लवंग आहे आणि १८२१ चा नव्हे.

मग फोटो पुन्हा काढले, डावीकडून आरशाने. चौथ्या अक्षराच्या डाव्या पायाच्या वर जी फट दिसत होती ती कोरलेली नव्हती, पापुद्रा निघालेला होता: तिची कड खडबडीत आणि तळ उथळ, शेजारच्या खाचांचा तळ गुळगुळीत आणि खोल. म्हणजे हेथ. नोंदवहीत मात्र '६६८' एवढंच गेलं नाही. वाचनाच्या रकान्यात तिन्ही अक्षरं आणि चौथ्यापुढे प्रश्नचिन्ह, निष्कर्षाच्या रकान्यात २० डिसेंबर १९०७, कारणाच्या रकान्यात वरचा ताळा दोन ओळींत, आणि पहिल्या जोडीचं ६६५ हे वाचन न खोडता तसंच. मोडका भाग पुढे आणखी झडेल, तेव्हा आपलं वाचन तपासायला दगड नसेल, फक्त ही पानं असतील.

संगणकावर चढवताना हिब्रू आणि देवनागरी एकाच रकान्यात टाकू नये. लिपीच्या दिशा मिसळल्या की शब्दांचा क्रम बदलतो आणि चौकोनी कंस उलटे होतात, म्हणजे गेलेला मजकूर असलेला आणि असलेला गेलेला दिसतो. हिब्रूला एक रकाना, मराठीला एक, इंग्रजीला एक, लिप्यंतराला चौथा. ही चूक नंतर सापडत नाही, कारण पडद्यावर ओळ बरीच ठाकठीक दिसते. छापील दोन प्रती: एक सिनेगॉगच्या समितीकडे, एक ग्रामपंचायतीत, नकाशासकट. अलीकडच्या कबरींवर हयात वारसांची नावं असतात, ती छापील प्रतीत राहू द्यावीत, बाहेर टाकू नयेत.

पुढच्या डिसेंबरात एक फेरी लागते. रानमोडी कापलेल्या बुंध्यातून एका पावसाळ्यात पुन्हा डोक्यापर्यंत येते, आणि खुंट्या बांबूच्या असतील तर वाळवीने खाल्लेल्या असतात. आधाररेषेची दोन टोकं म्हणून गडग्याच्या पक्क्या चिऱ्यांचीच मापं लिहून ठेवलेली असली, तर सगळी आखणी अर्ध्या तासात परत उभी राहते.